एक दिवसाचाही खाडा नाही

माझ्या दुखण्याबद्दल लिही, किडनीच्या रोग्यांना धीर येईल, असं ऑफिसातले मित्र बरीच वर्षं सांगत होते. लिहायला बसलो की दर वेळी एकाच जागी अडायचो. म्हणून ती जागा आधी लिहून टाकतो.

मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीवर आळ घेतला. तिनं शाळेतून रोग आणला आणि मला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, असं तिच्या तोंडावर म्हणालो. तो आळ खोटा होता. खोटा आहे हे मला पंधरा दिवसांच्या आत कळलं, आणि तरीही तेरा वर्षं मी तिच्यासमोर तोंड उघडलं नाही.

बाकी सगळं यानंतर वाचावं.

नळीतलं दही

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर माझे पाय सुजू लागले. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, साकोलीला पाटबंधारे खात्यात कारकून. गाव तिथून दोन कोसांवर, रोज सायकलनं जाणं-येणं. आधी चप्पल घट्ट होऊ लागली. मग सकाळी उठलो की डोळे उघडेनात. बायको, देवका, म्हणाली, "रात्री जागले का? तोंड पाहा कसं फुगून राहिलं." महिनाभरात पोटात पाणी झालं आणि मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच काचेच्या नळीत माझी लघवी घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती उकळली आणि पांढरी होऊन गोठली, दह्यासारखी. अंगातला बिघाड इतका स्पष्ट मी तोपर्यंत पाहिला नव्हता. ते म्हणाले, "अंगातलं सगळं सत्त्व या वाटेनं वाहून चाललंय." गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं. मग विचारलं, "घरात लहान मुलं?"

"एक मुलगी. सातवीत आहे."

"तिला गोवर, कांजण्या होऊन गेल्यात?"

"नाही," मी म्हणालो. जराही थांबलो नाही.

"तुम्हाला?"

"नाही."

"मग जपा. या गोळ्यांनी सूज उतरेल, पण अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होईल. शाळेत साथ आली तर मुलीला घरी ठेवा, नाही तर तेवढे दिवस तुम्ही दुसरीकडे राहा."

घरी येऊन मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. 'नाही तर'च्या पुढचं सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. आजारी माणसानं आपली खाट उचलून दुसऱ्याच्या घरी जायचं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आज पातळ आहे, बाबा

त्या हिवाळ्याची एक गोष्ट चांगली होती, ती म्हणजे रंजना.

रोज सकाळी घरीच नळी तापवून पाहायची होती. देवकाला त्या दिव्याची भीती वाटे, आणि माझा हात थरथरे. ते काम रंजनानं उचललं. चिमट्यात नळी धरायची, तिचं तोंड आपल्यापासून दूर ठेवायची, डोळे बारीक करून उजेडात पाहायची. "आज घट्ट हाये, बाबा." "आज जराशी पातळ वाटते जी." वहीत तारीख टाकून, जितकी घट्ट तितक्या, एक, दोन, तीन अशा फुल्या मारायची. हात धुवायची आणि दप्तर उचलून शाळेत जायची. एकदा मी म्हणालो, "तुले घाण नाई वाटत का, पोरी?" तर म्हणाली, "घाण कायची? शाळेत प्रयोग असते तसाच हाये. तिथं तर गुरुजी हातच लावू देत नाईत."

अळणी भात मला जात नसे. लाखोळीच्या वरणात मीठ नाही म्हटल्यावर ते मातीसारखं लागे. रंजना माझ्याबरोबर अळणीच जेवायची. पहिल्या आठवड्यात तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग सवय झाली. गोळ्यांनी माझा चेहरा पुरीसारखा गोल झाला होता, लोक ओळखत नसत. तिनं त्यावरही थट्टा केली, "बाबा, तुमी आता ठाणेदारासारखे दिसता."

माघात फुली एकवर आली. मी बरा होत होतो.

मागच्या ओळीत

फाल्गुनात शाळेत कांजण्या आल्या. आमच्याकडे त्याला कांजण्या म्हणत नाहीत. माता आली म्हणतात, दारावर कडुनिंबाचा डहाळा लावतात, फोडणी बंद करतात, आणि पोर उठून बसलं की गावाबाहेरच्या मातामायला पाणी घालतात. आमच्या गल्लीतच दोन दारांवर डहाळे दिसले.

इथं मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालेली माणसं. माझे वडील शाळेच्या ओट्याखाली मातीत बसून दोन इयत्ता शिकले. मी मॅट्रिक झालो, सरकारी नोकरीत लागलो. दीक्षेनंतर आमच्या घरात देवदेवस्की राहिली नाही, आणि ती राहू नये यासाठी मी फार कडक होतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी देवकानं तिला आलेल्या तापासाठी मातामायला नारळ बोलला होता. मी तो तिच्या हातातून घेऊन विहिरीत फेकला आणि तिच्याकडून शपथ घेतली. मला त्या गोष्टीचा बरीच वर्षं अभिमान होता.

तर मी रंजनाला सांगितलं, उद्यापासून शाळा बंद, साथ जाईपर्यंत.

सातवीची परीक्षा महिन्यावर आली होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पास झाली तर साकोलीच्या हायस्कुलात जायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"बाबा, मी मांगच्या ओळीत बसीन. एकटी. कोणाले शिवणार नाई."

'शिवणं' हा शब्द माझ्या घरात कुणी वापरत नसे. मी तिला ओरडलो. ज्या पोरीचा आजा ओट्याखाली बसला तिनं आपल्या तोंडानं वेगळं बसायचं मागावं, याची मला लाज वाटली, आणि ती लाज मी तिच्यावरच काढली. "शाळा मोठी का बाप मोठा?" असं विचारलं. बारा वर्षांच्या मुलीला असा प्रश्न विचारू नये. त्याला एकच उत्तर असतं आणि ते तिनं मान हलवून दिलं.

देवका चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "एकदा येऊन गेली का मंग पुन्हा येत नाई म्हणतात."

"कोण म्हणते? तुही मातामाय?"

त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही.

पण एक दिवस भांडी घासताना भांड्यांनाच सांगावं तसं म्हणाली, "पोरीले शाळा बंद, अन् साऱ्या गावाले दार उघडं."

खरंच उघडं होतं. आमच्याकडे माणूस बिमार पडला की त्याला पाहायला यायचं असतं. न येणं म्हणजे वैर. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं त्याहून वाईट. नातेवाईक लाखांदुराहून यष्टीनं येत, खाटेवर टेकत, पाय दाबून सूज पाहत, चहा पीत. मी देवकाला म्हणालो, "दारातून माणूस वापस धाडू का? लोक काय म्हणतील?" माझी धाकटी बहीण सिंधू तिच्या दीड वर्षाच्या बेबीला घेऊन दोन दिवस राहून गेली. बेबी माझ्या पोटावर बसून खेळली. तिच्या पाठीवर चार-पाच पाणीदार फोड होते. सिंधू म्हणाली, "घामोळ्या आल्या, दादा. ऊन चालू झालं ना." मी त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "हो, ऊन फार आहे."

गुरुजी आले

शाळा बंद करून अठरा दिवस झाले होते. रविवारी सकाळी सातवीचे गुरुजी मला पाहायला आले. भला माणूस. खाटेवर बसले, चौकशी केली, चहाची बशी हातात घेतली आणि म्हणाले,

"बाकी काही म्हणा, पोरगी मोठ्या धीराची आहे तुमची. बाप खाटेवर, वर्ग अर्धा रिकामा, पण एक दिवसाचाही खाडा नाही. मी तर बाकीच्या पोट्ट्यांना तिचंच उदाहरण देऊन राहिलो."

देवकाच्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली. रंजना अंगणात होती, तिनं आत पाहिलं आणि गोठ्याकडे निघून गेली.

मी गुरुजींसमोर हसलो. "हो, हुशार आहे," म्हणालो. ते जाईपर्यंत बोललो.

ते गेल्यावर सगळं देवकानंच सांगितलं, न विचारता. सकाळी रंजना शेणाची टोपली घेऊन उकिरड्यावर जायची. टोपलीच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेलं दप्तर. तिथून शाळा; मला सांगायचं, गोवऱ्या थापायला गेली. परत आली की गोठ्यातच कपडे बदलायची, विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायची, मग घरात. मला वाटायचं, पोरगी उन्हामुळं दोनदा आंघोळ करते.

"मीच धाडलं. तिले काई म्हणू नका."

"काहून? मी मरावं म्हणून?"

"असं बोलू नका जी."

"डॉक्टरनं सांगितलं ते तुले मालूम होतं. तरी धाडलं. रोज नळी पाहून राहिली पोरगी, रोज मले तोंड दाखवून राहिली, अन् रोज खोटं बोलून राहिली!"

देवकानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे मला तेव्हाही दिसलं होतं. मी विचारलं नाही.

ज्यांनी दीर्घ आजार काढला आहे त्यांना हे समजेल. खाटेवरच्या माणसाजवळ एकच गोष्ट असते, भोवतालच्या माणसांवरचा भरवसा. मी पडल्या-पडल्या घरातले आवाज ऐकून दिवस काढत होतो. टोपलीचा आवाज, विहिरीच्या कप्पीचा आवाज. तेच आवाज मला फसवत होते. दोन दिवस मी दोघींच्या हातचं पाणी घेतलं नाही. स्वतः उठून घेत होतो, भिंतीला धरून.

तिसऱ्या दिवशी मला ताप आला, आणि छातीवर पहिला फोड दिसला.

बैलगाडीपाशी

दोन दिवसांत अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. घशात, टाळूवर, डोळ्यांच्या पापण्यांत फोड. खोकल्यातून रक्त येऊ लागलं तेव्हा भंडाऱ्याला हलवायचं ठरलं. बैलगाडीनं हमरस्त्यापर्यंत, तिथून मिळेल त्या वाहनानं. गाडीत गवत टाकून त्यावर वाकळ अंथरली होती. रंजना वाकळीचं टोक सारखं करत होती. मला वर चढवलं आणि मी तिला म्हणालो,

"शाळेतून माहं मरण आणलं तुनं. आता जा, पास हो."

गल्लीतली पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. तिनं वाकळीचं टोक सोडलं आणि हात फ्रॉकला पुसले.

शेवटची खोली

दवाखान्यात मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत एकटं ठेवलं. श्वास घेताना छातीत ओलं गोणपाट भरल्यासारखं वाटे. दिवस कळत नसत, कळायची ती फक्त खाज आणि भीती. भीती रात्रीपेक्षा दुपारी जास्त असे, बाहेर सगळं इतकं नेहमीसारखं चालू असायचं म्हणून. एक वयस्क परिचारिका खोलीत यायला कचरत नसे. तिनं पाण्यात बुडवून कडुनिंबाचा कोवळा डहाळा हातात दिला, "नखं लावू नका, यानं हळूच कुरवाळा." मी तो घेतला. उशाशी बसलेल्या देवकानं माझ्याकडे पाहिलंही नाही, एवढी तिची सभ्यता.

बाराव्या दिवशी श्वास मोकळा झाला. डॉक्टर देवकाशी बोलत होते. मी डोळे मिटून पडलो होतो.

"मुलीला फोड आले का?"

"नाई जी. तिले पाच वर्साची असताना येऊन गेली. मामाच्या गावी. अंगभर आली होती."

"मग हे तिच्याकडून नाही. एकदा होऊन गेल्या की सहसा पुन्हा होत नाहीत, आणि ती घरीही आणत नाही. यांना फोड यायच्या पंधरा दिवस आधी कोणी फोड आलेलं मूल यांच्याजवळ आलं होतं?"

देवकानं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "आलं होतं."

डॉक्टर गेल्यावर ती खाटेजवळ आली. "जागे हात ना तुमी?"

मी डोळे उघडले.

"मामाच्या गावी मी तिच्यासाठी मातामायले पाणी घातलं होतं. शपथ मोडली होती. सांगतलं असतं तर तुमी पोरीचं दुखणं सोडून माही मातामायच काढली असती. म्हणून नाई सांगतलं. माहं चुकलं." आणि मग, "पोरगी इथं आली तेव्हापासून, आठ दिवस झाले, जेवत नाई नीट. मी सांगतलं तर ऐकत नाई. तुमी बोला तिच्याशी."

"बोलतो," मी म्हणालो.

का बोललो नाही

या प्रश्नाला मी स्वतःला बरीच उत्तरं दिली. अशक्तपणा होता. फोड तिनं आणले नसतील, पण खोटं तर बोलली. बेबीचं नाव निघालं असतं तर सिंधू दुखावली असती.

खरं उत्तर असं आहे. ती दोषी नसेल तर दोषी मी होतो. नागपूरच्या डॉक्टरांना 'नाही' मी म्हणालो होतो, बायकोला न विचारता. दुसरीकडे राहायचा मार्ग मी गिळला होता. बेबीच्या पाठीवरून बोट मी फिरवलं होतं. आणि माझ्या घरात एक आई आपल्या मुलीला आलेलं दुखणं सात वर्षं नवऱ्यापासून लपवते, कारण तिला त्याच्या पुरोगामीपणाची भीती वाटते, हेही माझंच होतं. मला घरच्यांनी फसवलं, ही भावना फार उबेची होती. आजारी माणसाला ऊब सोडवत नाही.

परीक्षेच्या दिवशी रंजना दवाखान्याच्या आवारात स्टोव्हवर माझी अळणी खिचडी शिजवत होती. तिला जा म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो खिचडीची वाट पाहत होता.

जूनमध्ये गुरुजी पुन्हा घरी आले. म्हणाले, पुन्हा सातवीत बसवा, वर्षच जाईल, काही बिघडत नाही. रंजना दारातून म्हणाली, "मी नाई जात, गुरुजी. घरी बिमार माणूस हाये." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तिचीच इच्छा नाही तर काय करता."

नळी मात्र ती पुढची दीड वर्षं रोज तापवत राहिली, फुली शून्यावर आली त्या दिवसापर्यंत. मी बरा झालो. गोळ्या सुटल्या, चेहरा उतरला, सायकल पुन्हा सुरू झाली. लोक म्हणाले, लेकीनं वाचवलं. मी 'हो' म्हणायचो.

सत्त्याऐंशी

रंजनाचं लग्न लाखांदुराकडच्या एका गावी झालं. माणसं चांगली. गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो, तिच्या मुलीसाठी पाटी आणि दप्तर घेऊन. नात सहा वर्षांची झाली होती. रंजना ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती. आत तिच्या सासूचा खोकला ऐकू येत होता. म्हातारीला दम्याचा त्रास, पावसाळ्यात फार वाढतो.

मी दप्तर पुढे केलं. तिनं ते हातात घेतलं, पट्टा पाहिला आणि बाजूला ठेवलं.

"औंदा नाई धाडत तिले, बाबा."

"काहून?"

"घरात बिमार माणूस हाये. शाळेतून सर्दी-खोकला घेऊन येईल पोट्टी. मंग म्हातारीले काई झालं तर?"

"सासूबाई म्हणाल्या का तसं?"

"त्या कायले म्हणतील? त्या तर रोज म्हणतात, धाड. मलेच नाई वाटत."

तिला कुणी अडवलं नव्हतं. नवरा तयार होता, सासू तयार होती. बैलगाडीतून मी बोललेलं वाक्य तिच्या अंगणापर्यंत आलं होतं आणि आता ते तिच्या मुलीच्या वाट्याला चाललं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"रंजू, तेव्हा भंडाऱ्याले डॉक्टर म्हणाले होते, का तुले लहानपणी येऊन गेली होती, म्हणून तुह्यापासून..."

"मालूम हाये." तिचे हात सुपात चालूच होते. "मायनं तिथंच सांगतलं होतं."

"मग?"

"मग काय? मायनं सांगतलं, तुमी नाई सांगतलं. मले वाटलं, बाबाले तसंच वाटत असन. डॉक्टर काई का म्हणेना."

तेरा वर्षं मी समजत होतो की ते मी एकटाच जाणतो. तिला ते ठाऊक होतं आणि ती माझ्याकडे पाहत राहिली होती, रोज, नळी तापवताना, वाढताना, सासरी जाताना. मी काय बोलतो ते.

नात दारात येऊन उभी राहिली होती, तिची नजर दप्तरावर. मी तिला बाहेर जायला सांगितलं नाही. बैलगाडीपाशी माणसं होती, आता निदान एक तरी माणूस ऐकायला असावं.

"मले तसं वाटत नाई," मी म्हणालो. "दवाखान्यात ऐकलं त्या दिवसापासून वाटत नाई. मले मालूम होतं अन् मी गप्प राहिलो. तू आणलं नाई. मीच दार उघडं ठेवलं होतं, अन् नाव तुहं घेतलं. चारचौघात घेतलं. तुही परीक्षा गेली, तुही शाळा गेली, ते माह्यामुळं. डॉक्टरमुळं नाई, मायमुळं नाई, मातेमुळं नाई. माहं चुकलं, रंजू. मले माफ कर."